काकांचा पाय

अमळनेरात माझा स्टुडिओ पिठाच्या गिरणीवर आहे. खाली गिरणी, वर मी. भाडं परवडतं ते याच कारणाने. गिरणीवाले आप्पा दुपारी एक ते चार मोटार बंद ठेवतात आणि माझं माइकचं सगळं काम त्या तीन तासांत उरकतं. गायक पुण्या-मुंबईचा असो नाहीतर पारोळ्याचा, त्याला आप्पांच्या जेवणाची आणि झोपेची वेळ पाळावी लागते.

श्रावणात मात्र हा करार डळमळतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसते, आणि त्याआधीचे चार दिवस तिच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू दळायला आख्खं गाव आप्पांच्या दारात उभं असतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात अहिराणी गाण्यांच्या निर्मात्यांना जाग येते. कानबाई दरवर्षी येते हे त्यांना दरवर्षी नव्याने कळतं. त्या वर्षी धुळ्याचे एक निर्माते मंगळवारी बोलले, ‘‘शनिवारी गाणं यूट्यूबवर चढायला पाहिजे.’’ गाणं तयार होतं, फक्त गिटार बाकी होती. त्यांना गिटार काकांचीच हवी होती.

काका दोंडाईच्याचे. वय पासष्टच्या पुढे, एसटीत ड्रायव्हर म्हणून निवृत्त, आणि तरुणपणापासून ऑर्केस्ट्रात गिटार. बुधवारी एसटीनेच आले. एका खांद्यावर गिटार, दुसऱ्या हातात गोधडीत गुंडाळलेला अँप. जुना ट्रान्झिस्टरचा अँप, स्पीकरचा कागद एका जागी फाटलेला, तिथे कसलीशी पट्टी चिकटवलेली. बरोबर प्लायवूडची एक फळी, तिच्यावर एक ओव्हरड्राइव्ह आणि एक व्हॉल्यूम पेडल ठोकलेलं.

तो अँप पाहिला आणि मी मनात ठरवलं, डीआय घ्यायचाच.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गिटारचा आवाज आपण ऐकतो तो अँपमधून आलेला असतो. अँपसमोर माइक लावून एकदा रेकॉर्ड केलं की तो आवाज कायमचा चिकटला, मागून बदलता येत नाही. म्हणून गिटारमधून निघालेला सिग्नल अँपपर्यंत पोचायच्या आधीच डीआय बॉक्समध्ये दोन वाटांना लावायचा. एक वाट अँपकडे, म्हणजे वाजवणाऱ्याला त्याचा आवाज ऐकू येतो. दुसरी सरळ कॉम्प्युटरमध्ये, कोरी. तो कोरा ट्रॅक ऐकायला अगदी केविलवाणा असतो, पत्र्यावर खिळा घासल्यासारखा. पण पुढे कधीही तो दुसऱ्या अँपमध्ये सोडून नव्याने माइक करता येतो. याला आम्ही रीअँप म्हणतो.

सोपं वाटतं, पण खेडवळ विजेवर सोपं काहीच नसतं. साध्या गिटारच्या पिकअपचा, म्हणजे तारांखालच्या चुंबक-कॉइलचा, सिग्नल नाजूक. त्याला समोर एक मेगाओहमच्या आसपास रोधाचा इनपुट लागतो, नाहीतर वरचे सूर बोथट होतात. केबल लांब झाली तरी तेच, म्हणून डीआयपर्यंतची केबल मी तीन मीटरच्या वर जाऊ देत नाही. लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवतो. चोवीस बिटमध्ये रेकॉर्ड करताना मीटर लाल करायची हौस कशाला, हे मी पोरांना सांगून थकलो.

आणि मग गुणगुण. काकांची गिटार सिंगल कॉइलच्या पिकअपची, म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झची गुणगुण हक्काची पाहुणी. आधी अर्थिंग तपासलं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर सात व्होल्ट दाखवत होता. दोनच्या आत असला की मी निवांत असतो. श्रावण लागूनही पावसाचा पत्ता नव्हता, मागच्या अंगणातला कोळसा-मिठाचा खड्डा कोरडा ठाक. दोन बादल्या पाणी ओतलं, मीटर तीनवर आला. काही ठिकाणी गुणगुण घालवायला चक्क प्लगची तिसरी पिनच काढून टाकतात. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की गायकाला काय होतं, ते मी एका लग्नाच्या स्टेजवर पाहिलंय. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण गुणगुणीसाठीच असतं, ते दाबा, पिनला हात लावू नका.

उरलेली गुणगुण हवेतून येत होती. गिरणीची मुख्य वायर माझ्या भिंतीतून वर जाते. अशा वेळी उपाय एकच: वाजवणाऱ्याला फिरवायचं. काकांना खुर्चीत बसवून मी ती खुर्ची थोडी थोडी वळवत गेलो, डोळे मीटरवर. मोटार अजून चालू होती म्हणून जागा अचूक सापडली. काकांचं तोंड कोपऱ्याकडे आणि पाठ माझ्याकडे, अशा कोनात आवाज जवळजवळ नाहीसा झाला. मग तारांवर हात ठेवून दहा सेकंद गप्प बसायला सांगितलं, म्हणजे उरलासुरला आवाज पुढे वजा करायला नमुना मिळतो. त्या दहा सेकंदांचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला होता.

एकला मोटार बंद झाली. काकांनी दोन तास वाजवलं. गाण्यात अंतऱ्याआधी लांब लांब सूर होते, शून्यातून हळूहळू उगवणारे, सनईने श्वास भरत यावं तसे. हेडफोनमध्ये अँपचा माइक ऐकत मी डुलत होतो. मधे मधे ‘चर्र’ असा बारीक आवाज यायचा. खुर्ची जुनी आहे, म्हणून मी सोडून दिलं.

तीन वीसला शेवटचा टेक सुरू होता आणि खाली मोटार लागली. आप्पांचा इलाज नव्हता, दारात बायका पिशव्या घेऊन ताटकळत होत्या. जमीन थरथरायला लागली. काका थांबले नाहीत. उलट असे वाजवत गेले की मी बटणाला हात लावला नाही. संपल्यावर मान न वळवता म्हणाले, ‘‘गिरनी सुरू व्हयनी का?’’

तोच टेक सगळ्यांत चांगला होता, आणि अँपच्या माइकमध्ये गिरणी पुरती भरली होती. दुसरा टेक घ्यायला वेळ नव्हता, काकांना शेवटची एसटी गाठायची होती. अँप परत गोधडीत गेला. मी म्हणालो, ‘‘काका, काळजी नको, डीआय आहे.’’ डीआयला खोलीतलं काही ऐकू येत नाही, त्याला फक्त तारा कळतात.

रात्री साडेदहाला गिरणी निजल्यावर बसलो. कॉम्प्युटरमधून निघणारा सिग्नल दणकट असतो, अँपला सवय गिटारच्या दुबळ्या सिग्नलची. मधे रीअँप बॉक्स लागतो. असा बॉक्स जॉन क्युनिबर्टी नावाच्या अमेरिकन रेकॉर्डिंग इंजिनिअरने १९९० च्या दशकात बाजारात आणला, त्याआधी लोक जुगाड करत. माझ्याकडे पंधरा वॅटचा व्हॉल्व्हचा अँप आहे. जाळीपासून बोटभर अंतरावर एसएम ५७ माइक लावला, डीआय सोडला.

आणि पोटात गोळा आला.

उगवणारे सूर उगवत नव्हते. प्रत्येक सूर ‘टक्’ करून सुरू होत होता. नखीचा उघडा आघात, मग सूर. पाच मिनिटं मी बॉक्स, केबल, लेव्हल तपासत बसलो. मग कळलं. काका तार छेडायचे तेव्हा व्हॉल्यूम पेडल बंद असायचं, मग पायाने ते हळूहळू उघडायचे. डीआय मी गिटारनंतर लगेच लावला होता, पेडलच्या आधी. कोरा म्हणजे अगदी कोरा. पस्तीस वर्षं एसटीचा क्लच सोडलेला तो पाय कोऱ्या ट्रॅकमध्ये कुठेच नव्हता.

ओव्हरड्राइव्ह हा आवाजाचा रंग, तो नंतर बदलता येतो. व्हॉल्यूम पेडल हे वाजवणं आहे. ते डीआयच्या आधी घ्यायचं, किंवा त्याच्यानंतरचा वेगळा ट्रॅक घ्यायचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी त्या फळीकडे ‘इफेक्टचं सामान’ म्हणून पाहिलं. आणि गुणगुण मारायच्या नादात काकांना पाठमोरं बसवल्यावर त्यांचा पाय मला दिसणार कसा होता?

शेवटी माउसने केलं. सत्तावीस सूर होते. एकेकाच्या सुरुवातीला आवाजाची रेघ शून्यापासून वर ओढायची. माइकचा ट्रॅक बघून ओढावी, तर सूर सुरू होतो त्या शांततेतच गिरणी बसलेली. खालच्या पट्ट्या कापून पाहिल्या, चक्कीची घरघर वरपर्यंत होती. निम्मं ऐकून, निम्मं अंदाजाने पहाटेपर्यंत सत्तावीस रेघा ओढल्या.

निर्माते फोनच्या स्पीकरवर ऐकून म्हणाले, ‘‘एक नंबर.’’ ते सगळंच फोनच्या स्पीकरवर ऐकतात. शनिवारी गाणं चढलं.

रविवारी काकांचा फोन आला. मागे ढोलकी आणि बायकांची गाणी ऐकू येत होती. मी आधीच सारवासारव सुरू केली: तुमचा अँप वापरता आला नाही, आवाज थोडा बदललाय, वगैरे. अँपचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. ते म्हणाले, ‘‘हात मना शे. पन पाय कोना शे, भाऊ?’’

मी खरं ते सांगितलं. ते हसले, म्हणाले गाडी दुसऱ्याने चालवली की मागच्या सीटवरही कळतं. मग म्हणाले, तो गिरणीवाला टेक पाठव, नातवाला ऐकवायचाय.

पाठवण्याआधी मी तो चांगल्या हेडफोनवर शेवटपर्यंत ऐकला. घरघरीच्या वर, बारीक, ते ‘चर्र’ होतं. प्रत्येक उगवणाऱ्या सुराच्या आधी एकदा, बरोबर त्याच जागी. खुर्ची नव्हती ती. पेडलची बिजागरी होती. पाय खाली जायला लागतो त्या क्षणी ती वाजते, थांबतो तिथे गप्प होते.

टेक काकांना पाठवला. गाण्याचं सेशन मात्र अजून डिस्कवर उघडंच आहे. त्या ‘चर्र’वर नजर ठेवून रेघा नव्याने ओढतोय, दुपारी एक ते चार सोडून, कारण त्या वेळी पैशाची कामं असतात. सत्तावीसपैकी अकरा झाल्या आहेत. निर्मात्यांना सांगितलेलं नाही.