नळाची वही : चौथा हप्ता

वहीत आता 41 वेळा नळ आल्याची नोंद झाली. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आमचं गाव लातूर-नांदेडच्या मधल्या पट्ट्यातलं. नळ कधी पाच दिवसांनी येतो, कधी अकरा. वेळेचाही नेम नाही, पहाटे साडेतीनलाही आलाय. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, त्या मानानं आमचं बरंच म्हणायचं. सेन्सरनं नळाच्या वेळा वहीत टिपायच्या आणि त्यावरून पुढचा नळ येण्याआधी कळावं, एवढाच हा उद्योग.

सामान तेच: ईएसपी32 बोर्ड (वायफायवाला चिमुकला संगणक), नळाच्या तोटीआधी अर्ध्या इंची वायएफ-एस201 फ्लो सेन्सर (आतली चक्री फिरली की विजेचे ठोके देतो), आणि फोनवर आपोआप निरोप धाडणारा टेलिग्रामचा बॉट. सेन्सर 5 व्होल्टवर चालतो आणि बोर्डाला 3.3 च्या वर सोसत नाही, म्हणून मध्ये व्होल्टेज उतरवायला दोन रेझिस्टर. हे पहिल्या हप्त्यात लिहिलंय, पुन्हा विचारू नका.

या महिन्यात तीन घोळ झाले.

पहिला हवेचा. पाणी येण्याआधी पाइपातली हवा फुस्स करत बाहेर पडते आणि सेन्सरची चक्री तिनंही फिरते. बॉट ओरडला, आई रात्री दोनला मोटार लावायला उठली, आणि नळातून नुसता सुस्कारा. आईनं त्यानंतर जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आकडे उघडून पाहिले तर उत्तर तिथंच होतं. हा सेन्सर लिटरमागे साधारण 450 ठोके देतो. आमच्या नळाला मिनिटाला आठ-नऊ लिटर येतं, म्हणजे सेकंदाला साठ-पासष्ट ठोके, तेही एका चालीत. हवेचे ठोके अडीचशेच्या वर उसळतात आणि मध्येच शून्य होतात. आता नियम एका ओळीचा: ठोके वीस सेकंद सलग शंभराच्या आत टिकले तर पाणी, नाहीतर हवा. याला एआय लागत नाही. उलट हवा हाच आगाऊ निरोप झालाय. फुस्स ते पाणी यात पाच-सात मिनिटं मिळतात, तेवढ्यात हौदाचं झाकण काढून होतं.

दुसरा घोळ जास्त गमतीचा. वहीत तीन ओळी सापडल्या: नळ आला, 1 जानेवारी 1970, सकाळी साडेपाचच्या सुमारास. म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या दोन वर्षं आधी आमच्याकडं नळ येऊन गेला! झालं असं की लाईट जाऊन आली, बोर्ड लगेच जागा झाला, राउटरला मात्र वेळ लागला. इंटरनेटवरून वेळ मिळाली नाही म्हणून बोर्डानं आपलं घड्याळ शून्यापासून मोजलं. संगणकी घड्याळांचं ते शून्य म्हणजे 1 जानेवारी 1970 ची ग्रीनिचची मध्यरात्र, त्यात आपले साडेपाच तास. आता डीएस3231 घड्याळाचं मॉड्यूल आणि बटण सेल लावलाय. हरवलेल्या तीन तारखा आईच्या कॅलेंडरवर मिळाल्या. दुधाच्या हिशेबाशेजारी ती नळाचा ‘न’ लिहिते.

तिसरा घोळ खरा डोकं खाणारा. लाईट गेली की माझा सेन्सर बंद, आणि तिकडं पाणी उपसणारे पंपही बंद. नळ लांबतो नेमका तेव्हाच माझी वही कोरी. डेटा असा एका बाजूनं गळका असला तर वहीवरून पुढच्या नळाचा अंदाज सांगणाऱ्या मॉडेलला वाटतं, लाईटीचा आणि नळाचा काही संबंध नाही. बोर्डाला 18650 ची चार्ज होणारी बॅटरी जोडली, आणि लाईट किती तास नव्हती हा रकाना वाढवला.

आता मॉडेल. चॅटबॉटला विचारलं तर त्यानं थेट एलएसटीएम सुचवलं, म्हणजे ढीगभर डेटा लागणारं न्यूरल नेटवर्क, तेही दोन नळांमधल्या जेमतेम 40 अंतरांच्या डेटाला! डास मारायला जेसीबी. मी सर्व्हायव्हल ॲनालिसिस घेतलं, म्हणजे एखादी घटना घडायला किती वेळ लागेल याचं गणित, जे दवाखान्यातल्या अभ्यासात वापरतात. त्यात अजून न संपलेली वाटही मोजता येते: आज सहा दिवस झालेत आणि नळ आला नाही, हीसुद्धा माहितीच. त्यातला वायबुल नावाचा वक्र आकड्यांवर बसवला. पहिली 28 अंतरं शिकायला, शेवटची 12 तपासायला. ओळी पिसून वाटल्या नाहीत, नाहीतर उद्याचं पाहून कालचं सांगितल्यासारखं होतं.

सरासरी चूक: ‘नेहमीसारखे सात दिवस’ म्हटलं तर 1.3 दिवस, रँडम फॉरेस्टची (पुष्कळ निर्णयवृक्षांचा एकत्र कौल घेणारी पद्धत) 1.6, वायबुल आणि लाईटीचे तास मिळून 1.1. एवढ्या खटाटोपानं दिवसाचा पाचवा हिस्सा कमावला.

शेजारच्या काकूंची चूक 0.3.

तुलना तशी न्याय्य नाही. मॉडेल नळ गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सांगतं, काकू आदल्या संध्याकाळी. तरी विचारलंच, “काकू, तुम्हाला कसं कळतं?”

“त्यात काय कळायचंय बाबा? वॉलमनची गाडी काल मारुतीच्या गल्लीत होती. तिथलं झालं की आपलंच की. तू तिथं मशीन लावून काय करायलास?”

म्हणजे पाणी गल्लीगल्लीनं फिरतं, हा रकाना मी घेतलाच नव्हता. मारुतीच्या गल्लीत एक मित्र राहतो. त्याच्या तोटीला दुसरा सेन्सर लावायचा आहे. तोवर तो नळ आला की व्हॉट्सॲपवर अंगठा पाठवतो, आठवण राहिली तर.

आज सातवा दिवस. मॉडेल परवा म्हणतंय, मित्राचा अंगठा आलेला नाही. काकूंनी मात्र टिपाड घासून ओट्यावर उपडं घातलंय.