लाइन आहे का?

परवा वर्ध्याहून मावशीचा फोन आला आणि पहिलाच प्रश्न, "काय गं, तुमच्याकडे लाइन हाय का?" मी डोंबिवलीची बाई, मी आपलं सांगून टाकलं, हो आहे, पण वीस मिनिटं लेट चाललीय. मावशी गप्पच झाली. मग कळलं की ती विजेबद्दल विचारत होती, तिच्याकडे सकाळपासून लाइन नव्हती, लाइनमनचा फोन लागत नव्हता.

तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातनं जाईना. आमच्याकडे सेंट्रल, वेस्टर्न की हार्बर यावरून माणसाची अर्धी कुंडली मांडतात. पण नागपूरला सिव्हिल लाइन्स म्हणजे बंगल्यांचा भाग आणि पोलीस लाइन म्हणजे पोलिसांची क्वार्टर्स. लग्नाच्या बोलणीत "मुलगा कुठल्या लाइनमधे आहे?" म्हणजे कामधंदा काय, आणि तोच मुलगा कॉलेजात लाइन मारत होता हे तिथे कुणी बोलत नाही. मग नोकरी लागली की आई म्हणते, चला, पोरगं लायनीला लागलं एकदाचं! हॉस्पिटलात सिस्टर येऊन म्हणते "लाइन लावायची आहे", तेव्हा मात्र हात पुढे करावा लागतो.

बरं आपल्याकडे काय शब्द कमी होते का, वहीवर रेघ, हातावर रेषा, कवितेत ओळ, रेशनला रांग, गवंड्याकडे दोरी, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि ही लाइन आली नि सगळ्यांच्या घरात पाय पसरून बसली. गवंडी तर आता लाइनदोरी म्हणतो, म्हणजे दोरीलाच दोरी बांधली त्याने, कारण लाइन मुळात दोराच! लॅटिनमधे लिनम म्हणजे जवसाचं झाड, त्याच्या धाग्याला लिनिया म्हणायचे, त्यातनंच इंग्रजीत लाइन आली, आणि लिनन हे कापडही त्याच घरचं. मावशी जेवताना जवसाची चटणी घेते ना भाकरीबरोबर, तिचं आणि या शब्दाचं हे असं जवळचं नातं निघालं.

सगळ्यात वाईट म्हणजे डेडलाइन. मला वाटायचं ऑफिसवाल्यांनीच काढलेला शब्द असेल. पण तो अमेरिकेतल्या यादवी युद्धातला आहे, १८६४ साली अँडरसनव्हिलच्या कैद्यांच्या छावणीत आत एक हद्द आखलेली होती, ती ओलांडली की पहारेकरी सरळ गोळी घालायचे. हे वाचल्यावर साहेबांनी "शुक्रवार डेडलाइन" म्हटलं की मी जरा भिंतीला टेकूनच बसते.

हे सगळं मावशीला सांगायला रात्री मुद्दाम फोन केला. जवसापर्यंत आले होते, तेवढ्यात तिकडनं आरडाओरडा, "आली आली, लाइन आली!" आणि आमची लाइन कट.