तुम्ही विचारलंत म्हणून: भूकंप झाला तर पेठांचं काय?

“मॅडम, उद्या भूकंप झाला तर आमचा वाडा टिकेल का हो?”

मी जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करते. पावसाळ्याच्या तोंडावर धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा लागल्या की कसबा, शनवार, नारायण पेठांतून फोन सुरू होतात, आणि चहाचा कप हातात पडायच्या आत हा प्रश्न येतो. उत्तर मी जिन्यात उभ्या उभ्या देते, त्यामुळे ते नेहमी अर्धवट राहतं. आज बसून देते.

भिंतींचं आधी उरकते. पुणे भूकंपाच्या नकाशावर वर्षानुवर्षं झोन ३ मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा धक्का इथेही जाणवला होता. फडताळातली पितळी भांडी वाजली म्हणून आई जागी झाली होती. सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा मुळात वाईट नाही, लाकूड लवतं आणि सावरतं. वाईट असतं ते नंतरचं: वाळवीनं पोखरलेले सांधे, दुकानासाठी काढलेली तळमजल्याची भिंत, मातीच्या बांधकामावर चढवलेला स्लॅबचा संडास. किल्लारीला १९९३ साली, विसर्जनाच्या रात्री, दगडमातीच्या भिंतींसकट जड माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, झोपलेल्या माणसांवर कोसळली. म्हणून माझा पहिला सल्ला वरचं वजन कमी करा, पाण्याची टाकी हलवा, हा असतो. तो कुणालाच आवडत नाही.

पण वाडा पडलाच नाही, नुसता तडकला, तर? मग परत राहायला किती वर्षांनी याल? हे कुणी विचारत नाही.

इटलीत रोमच्या ईशान्येला डोंगरात लाक्विला नावाचं जुनं शहर आहे. ६ एप्रिल २००९ ला पहाटे ३ वाजून ३२ मिनिटांनी तिथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. ३०९ माणसं गेली, त्यात वसतिगृहातली मुलंही होती. जुनं गावठाण सगळं जमीनदोस्त झालं नव्हतं. ते तडकलं, टेकूंवर उभं राहिलं, आणि सरकारनं ते बंद केलं. ‘लाल विभाग’ म्हणून कुंपण घातलं, नाक्यावर सैनिक उभे केले. लोकांना तंबूत आणि समुद्रकाठच्या हॉटेलांत हलवलं. मग शहराबाहेर १९ ठिकाणी १८५ इमारती काही महिन्यांत उभ्या केल्या, खाली भूकंपाचा हादरा झेलणारी यंत्रणा, आत फर्निचरसुद्धा. काम म्हणून पाहिलं तर मला त्यात खोट काढता येत नाही.

तरी लोक चिडले. घरं मिळाली, पण चौक, बाजार, ओळखीचा कॉफीवाला यांतलं काहीच त्यांच्याबरोबर आलं नाही, आणि बंद केलेल्या जुन्या गावातला राडारोडा तसाच पडून होता. फेब्रुवारी २०१० मध्ये एक ध्वनिमुद्रित फोन बाहेर आला: भूकंपाच्या रात्री आपण मिळणाऱ्या कामांच्या विचारानं हसलो, असं एक ठेकेदार त्यात सांगत होता. त्याच महिन्यात माणसांनी कुंपणाला आपापल्या घरांच्या किल्ल्या लटकवल्या. मग बांधकामावरच्या एकचाकी हातगाड्या, फावडी, बादल्या घेऊन ती नाके ओलांडून आत शिरली आणि रांग लावून हातोहात राडारोडा उपसायला लागली. पुढे पोलिसांनी हातगाड्या जप्त केल्या. (आपल्याकडे घमेली जप्त झाली असती.)

मला मात्र मोर्च्यापेक्षा त्यानंतरच्या एका नियमाचं जास्त अप्रूप आहे. तिथली घरं आपल्या पेठांसारखीच एकमेकांना टेकलेली. एकट्याचं मजबूत करून उपयोग नाही, शेजारच्याचं ढिलं राहिलं तर तो तुम्हाला ओढून नेणार. म्हणून जोडून असलेल्या घरांचा एक गट धरला आणि सगळ्या मालकांना एक मंडळ करायला लावलं. आराखडा आणि अनुदान त्या मंडळामार्फत. यात वर्षं गेली. भांडणंही झालीच असतील, इटालियन माणसं आपल्याहून फार वेगळी नसावीत. कोलेमाज्जो हे तिथलं मोठं चर्च उघडलं ते २०१७ च्या डिसेंबरात, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळानं. २०२६ साठी लाक्विला इटलीची सांस्कृतिक राजधानी म्हणून निवडलं गेलं. पण आठ वर्षांत पोर शाळा बदलतं, दुकानदार दुसरीकडे गाळा घेतो, म्हातारी माणसं वाट बघतच जातात.

हे आपल्याला नवीन नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधली घरं गेली. पूरग्रस्तांना निसेन हट, म्हणजे अर्धगोल पत्र्याच्या खोल्या मिळाल्या, ओटे मिळाले, गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर वसलं. आमची आजी नारायण पेठेतून गोखलेनगरला आली. हवा चांगली, नळ घरात. पण भाजीला निघाली की शेवटपर्यंत म्हणायची, “गावात जाऊन येते.” गोखलेनगर तिच्या लेखी गावाबाहेरच राहिलं. पूरग्रस्त सोसायट्यांना जमिनीच्या मालकीसाठी पुढे कित्येक दशकं खेटे घालावे लागले, ते वेगळंच.

म्हणून आता कुणी विचारलं की मी हातोडीनं भिंत वाजवण्याआधी कागद मागते. प्रॉपर्टी कार्डावर कोण कोण आहे? शेजारच्या वाड्याशी सामाईक भिंत कुणाची? भाडेकरू किती, आणि दुरुस्तीसाठी चार महिने बाहेर गेलात तर हक्क राहील असं मालकानं लिहून दिलंय का? ते लिहून मिळत नाही, म्हणून भाडेकरू टेकूखाली झोपतात. भूकंपानंतर जो तिढा पडणार, तो आजच पडलेला आहे. फरक इतकाच की आज तो सोडवायला छत डोक्यावर आहे.

गेल्या महिन्यात शनवारातल्या एका वाड्याचे अकरा वारस एकत्र बसवले. सात जण आले, तीन व्हिडिओ कॉलवर, एकाचा फोन बंद. पहिला तास ऑडिटचे पैसे कुणी द्यायचे यात गेला, दुसरा १९८४ साली विहीर कुणी बुजवली यात. सामाईक भिंतीचा विषय आला तेव्हा शेजारचे आजोबा खिडकीतूनच म्हणाले, “ती आमची आहे.” आत या म्हटलं, तर आले आणि चक्क बसलेही.

पुढची बैठक गणपती झाल्यावर ठरली आहे.