झाड बघायचंय? अर्ज आणा!

सीझनवॉचमध्ये नाव नोंदवणं सोपं आहे, त्यावर शब्द खर्च करत नाही. झाडांतले ऋतुबदल सामान्य लोकांनी नोंदवायचा, २०१० पासून चाललेला हा भारतीय उपक्रम आहे. एक झाड निवडायचं, ॲपवर नोंदवायचं आणि दर आठवड्याला त्याच झाडावर कोवळी पानं, कळ्या, फुलं, कच्ची-पिकली फळं 'नाहीत', 'थोडी' की 'बरीच' एवढंच सांगायचं. मोजत बसायचं नाही.

घोडं अडलं ते झाडापाशी. मला बहावाच हवा होता. केरळात विषूच्या सणाला, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, बहाव्याची फुलं हवीच असतात. ती बरीच आधीच फुलल्याच्या नोंदी तिथल्या लोकांनी याच उपक्रमात केल्या आहेत. मग आपल्या इंदूरचा बहावा काय करतो? रस्त्याकडेची झाडं मी बाद केली, कारण तारांखालच्या फांद्या पावसाळ्याआधी छाटल्या जातात. अशा झाडाला फुलं आलीच नाहीत तर दोष हवामानाला द्यायचा की कुऱ्हाडीला? म्हणून एका सरकारी कार्यालयाच्या आवारातला डेरेदार बहावा हेरला. कार्यालयाचं नाव सांगत नाही, मला अजून तिथे जायचं आहे.

फाटकावरच्या चौकीदाराला म्हटलं, "भैया, पेड़ देखना है." तो म्हणाला, "परमिशन?" आत आवक-जावकच्या बाबूंनी विचारलं, "काटना है?" नाही, बघायचंय. "छँटाई?" नाही हो, नुसतं बघायचंय, दर रविवारी. त्यांनी टेबलाचा खण उघडला. झाड कापायच्या अर्जाचा छापील नमुना होता, झाड बघायचा नव्हता. मग "साहब से पूछना पड़ेगा", आणि साहेब दौऱ्यावर. पुढच्या खेपेला साहेब मीटिंगमध्ये. त्या पुढच्या खेपेला अर्जच सापडेना. (पोच घेतलीच पाहिजे. अर्जाच्या झेरॉक्सवर आवक क्रमांक आणि शिक्का मारून घ्या, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.) तिकडे बहाव्याची पानं गळत चाललेली मला फाटकातून दिसत होती. फायलीला मुदतवाढ मिळते, कळ्यांना नाही. जीव नुसता तडफडत होता.

शेवटी साहेब भेटले. "इससे होगा क्या?" मी क्योटोची गोष्ट सांगितली. तिथे चेरीच्या बहराच्या नोंदी बाराशे वर्षांपासूनच्या आहेत, म्हणून तर २०२१ साली २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा तोवरच्या सगळ्या नोंदींत लवकरचा, हे सांगता आलं. साहेब म्हणाले, "तो आपको बारह सौ साल की परमिशन चाहिए?" आणि हसत सही केली. अट एकच, फोटो काढायचा नाही. मी लगेच कबूल! नोंदीला फोटोची सक्ती नाहीच.

अर्ज हिंदीत, साध्या कागदावर, चार ओळींचा द्या. त्यात 'सर्वे' हा शब्द चुकूनही नको, तो वाचला की बाबू लोक सावध होतात. बहाव्याच्या लांब काळ्या शेंगा महिनोन्महिने झाडावर लटकत असतात, त्या पिकल्या फळांत धरा. झाडावर काहीच नसेल तरी 'नाहीत' भरायचंच, कारण त्यावरूनच कळ्या नेमक्या कोणत्या आठवड्यात आल्या ते कळतं. आणि जमलं तर सोबत घराजवळचा एखादा कडुनिंबही नोंदवून टाका, त्याला परवानगी लागत नाही.