लिलावाआधी घर स्वतः विकताना: अडलं ते एका पत्रापाशी

बँकेला थकलेल्या गृहकर्जाचे पैसे हवे होते, आम्हाला ते द्यायचे होते, फ्लॅटला गिऱ्हाईकही मिळालं होतं. तरी सगळं अडून बसलं एका फोरक्लोजर लेटरसाठी, म्हणजे कर्ज बंद करायला नेमके किती भरायचे ते सांगणाऱ्या बँकेच्या पत्रासाठी. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

पुण्यात धायरीतला आमचा टू बीएचके. नवऱ्याची चाकणची नोकरी गेली, नंतर मिळाली ती कमी पगाराची. मुदत वाढवून हप्ता उतरवून घेतला, तोही झेपेना. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं, आणि मग २००२ च्या सरफेसी कायद्याची (यात बँक कोर्टात न जाता तारण घर विकू शकते) कलम १३(२) ची नोटीस येते: ६० दिवसांत सगळी रक्कम भरा.

ही नोटीस कपाटात टाकू नका. तिला लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. आमच्या कर्जखात्याच्या उताऱ्यात दंडाच्या रकमेवरही व्याज लावलं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं २०२४ पासून तसं लावता येत नाही. आम्ही ते दाखवलं, तेवढी रक्कम कमी झाली.

मार्ग तसे तीन-चार होते. थकलेले हप्ते एकरकमी भरून खातं सुरळीत करायचं, तर तेवढी रक्कम हाती नव्हती. बँकेशी कमी रकमेवर तडजोड केली की सिबिलवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीवर, ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. राहिलं घर विकणं. लिलावात भाव पडून मिळतो, वर लिलावाचा खर्चही आपल्याच माथी. स्वतः विकलं तर कर्ज फिटून चार पैसे आपल्या हातात राहतात. मी यासाठी हट्ट धरला आणि तो बरोबर होता असं मला आजही वाटतं.

वारज्याचं एक तरुण जोडपं तयार झालं, त्यांचं कर्जही मंजूर झालं. त्यांच्या बँकेला आमच्या बँकेकडून दोनच कागद हवे होते: ते फोरक्लोजर लेटर आणि बँकेकडे असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी.

शाखेत गेले. “मॅडम, खातं रिकव्हरीकडे गेलंय, आमच्याकडे ओपनच होत नाही.” रिकव्हरीचं ऑफिस कॅम्पात. तिथे म्हणाले, “लेटर ब्रँचच देते.” परत शाखा. मेल केला की ‘आपली विनंती संबंधित विभागाकडे पाठवली आहे’ एवढंच उत्तर. तो संबंधित विभाग कोणता, हे कुणी सांगेना. आणि त्याच बँकेची माणसं रोज फोन करून विचारत होती, पैसे कधी भरताय? (सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचे फोन करायला मनाई आहे. आम्हाला रात्री येत. मी वेळेसकट लिहून ठेवले आणि तक्रार केली, तेव्हा थांबले.) तिकडे त्या जोडप्यातल्या मुलीचा दर दोन दिवसांनी फोन, “ताई, आमचं सँक्शन संपेल हो.” तिला काय सांगायचं ते मला कळत नसे.

सुटका झाली ती आमच्या वकिलांमुळे. त्यांनी नोटिशीचं शेवटचं पान उलटून सहीखालच्या ओळीवर बोट ठेवलं: ‘प्राधिकृत अधिकारी’. खाली नाव, पत्ता. म्हणाले, “नोटीस यांनी काढलीय, उत्तरही यांनीच द्यायचं. शाखेत जाणं बंद करा.” आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी बँकेत कुणीही सांगितली नव्हती: १३(२) ची नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकताच येत नाही. कलम १३(१३). म्हणजे नुसतं फोरक्लोजर लेटर मिळूनही व्यवहार अडलाच असता.

मग एकाच अर्जात सगळं मागितलं: विक्रीला लेखी संमती, रोजच्या व्याजाच्या आकड्यासह फोरक्लोजर लेटर, कागदपत्रांची यादी. सोबत गिऱ्हाइकाचं मंजुरीपत्र जोडलं. एक प्रत स्पीड पोस्टानं, एक हातानं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, हार्ड कॉपी घेत नाही, मेल करा. मी हलले नाही. शेवटी शिक्का मारला, पण तारखेचा आकडा अर्धाच उठला होता. त्याच्याकडून पेनानं तारीख घालून सही घेतली. पोच घ्याच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, तिथे हीच पोच लागते.

तक्रारीची वेळ आली नाही. पत्र आलं, पण मुदत महिनाअखेरपर्यंतची आणि यादीत इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा, नाही! पुन्हा अर्ज. दुरुस्त पत्र हातात आलं तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यातच बसून एकेक ओळ वाचली.

पुढचं भराभर झालं. हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली, त्यांच्या बँकेचा डीडी थेट आमच्या कर्जखात्यात गेला, उरलेलं आम्हाला मिळालं.

एक राहिलं. दारावर ताबा नोटीस चिकटवली किंवा पेपरात छापून आली, तरी घर गेलं असं समजू नका. बहुतेक वेळा तो कागदोपत्री ताबा असतो. त्याविरुद्ध ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, अर्ज करता येतो. ते पुण्यातच आहे. आणि लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी सगळी थकबाकी खर्चासकट भरून घर सोडवून घेता येतं. म्हणून घर विकायचंच असेल तर गिऱ्हाईक शोधायला ६० दिवस सरायची वाट पाहू नका.

आणि कर्ज बंद झाल्यावर ना-देय दाखला, आधी दिलेले कोरे चेक, नॅच (खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी) रद्द केल्याचं पत्र, तिन्ही मागून घ्या. आमचा हप्ता खातं बंद झाल्यावरही एकदा कापला गेला, तो परत मिळवायला पुन्हा कॅम्पात जावं लागलं.