आमची वाटचाल : मांजरपाट, दाभण आणि सावळी बाहुली

मशीन माझं आणि हात वहिनींचा, अशी आमची सुरुवात. शिवलेली बाहुली सुलटी करायला आम्ही शस्त्रक्रियेतला लांब चिमटा आणला होता. तो आजही माझ्या खणात आहे. बाहुलीची बोटं बाहेर काढायला त्याच्यासारखं हत्यार नाही. वळणावर काप दिले नाहीत तर अंगठा कायमचा चुरगळतो, हे शिवणाऱ्यांना सांगायला नकोच. मानेत मात्र कापूस इतका ठासा की बोट रुतता कामा नये, नाहीतर महिन्याभरात डोकं लटकतं.

रंगाचा विषय वहिनींनी काढला. "अगं, आपल्या सगळ्या बाहुल्या गोऱ्याच का?" मग आम्ही मांजरपाट कातात रंगवून तीन छटा काढल्या. लहान मूल बाहुलीचा हात आधी तोंडात घालतं, म्हणून पाणी स्वच्छ निघेपर्यंत प्रत्येक तागा धुतला. डोळे भरतकामाचे, कारण बटण निसटून तान्ह्याच्या घशात अडकू शकतं.

आमची पहिली मोठी ऑर्डर एका वितरकाची. नमुने त्याने स्वतः पाहून पसंत केले होते. माल पोचला आणि चौथ्या दिवशी सगळी पोती परत. "सावळी बाहुली कोण घेणार?" एवढंच उत्तर. कापडवाल्याची उधारी होती, दोन शिवणकाम करणाऱ्यांची मजुरी थकली होती. दुसरं मशीन विकलं. वहिनी तीन रात्री त्या पोत्यांशेजारी बसून होत्या.

त्याच सुमारास, आमच्याकडे काम शिकून गेलेल्या एकाने गुलाबी कापडाच्या बाहुल्या काढल्या आणि त्याच वितरकाला दिल्या. साचा आमचाच. डाव्या अंगठ्याला माझ्या हातून चुकून जास्तीचा बाक गेला होता, तो त्यांच्या बाहुलीतही जसाच्या तसा! हे मी आजवर विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

वहिनींचं म्हणणं बरोबर होतं, हे मला नंतर वाचनात सापडलं. अमेरिकेत १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग सोडून बाकी सारख्याच बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली म्हणून उचलली. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात त्यांच्या कामाचा दाखला आहे. बार्बी १९५९ ला आली, पण बार्बी याच नावाची कृष्णवर्णी बाहुली यायला १९८० उजाडलं. मूल बाहुलीशी खेळताना कोण सुंदर, कोण आई, कोण मोलकरीण हेही शिकत असतं. मग रंग ही किरकोळ बाब कशी?

परत आलेल्या मालातल्या बारा बाहुल्या एका बालवाडीच्या बाईंनी नेल्या. आठवड्याने त्या स्वतः आल्या. "ताई, एका मुलीने बाहुलीचा हात आपल्या हाताशी लावून पाहिला आणि दिवसभर ती खाली ठेवली नाही." पुढच्या ऑर्डरी बाईंच्या ओळखीतूनच आल्या. नंतरची वर्षं कामात गेली.

आईवडिलांना एक सांगते. मुलाची लाडकी बाहुली त्याला न विचारता धुऊ नका. डोनाल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञ मनोविश्लेषकानेही हेच लिहून ठेवलंय, की ती धुतली की मुलाच्या अनुभवाची सलगता तुटते. तो वास त्याचा असतो. फाटली तर शिवा, पण त्याच्यासमोर शिवा. आणि डागडुजीला नवं चकचकीत कापड लावू नका, मूल ते ठिगळ परकं मानतं.

बाईंच्या त्या बारांपैकी एकीचा हात परवा पुन्हा निसटला. काल त्यांनी ती पाठवली आहे, चिठ्ठीत "घाई करा, वाट पाहतात" एवढंच. कातात रंगवलेलं ते पहिलं मांजरपाट अर्धा मीटर शिल्लक आहे. वहिनींनी दाभणात दोरा ओवलाय.