जगाच्या जुन्या नकाशावरचं साल कसं वाचावं

एकोणिसाव्या शतकातला जगाचा छापील नकाशा हाती आला की नजर आधी खालच्या कडेला जाते आणि तिथं छापलेलं साल आपण खरं धरून चालतो. फसगत होते ती इथंच. 'अमुक साली अमेरिकी काँग्रेसच्या कायद्यानुसार नोंदवला' अशी बारीक ओळ असते, ते साल प्रकाशनाच्या हक्काच्या (कॉपीराइटच्या) नोंदणीचं. छपाई पुढं कितीही वर्षं चालली तरी ओळ तशीच राहते. न्यूयॉर्कच्या कोल्टन घराण्याचे १८५५ची नोंद असलेले नकाशे १८६० नंतरच्या अ‍ॅटलासांतही सापडतात.

त्यामुळे सालाआधी प्रकाशकाचं नाव वाचावं. ज्यांवरून नकाशा छापत ते कोरलेले धातूचे पत्रे ही या घराण्यांची मिळकत होती. जोसेफ कोल्टननंतर जॉर्ज आणि चार्ल्स या मुलांनी धंदा चालवला, आणि त्यांचे नकाशे जॉन्सन या प्रकाशकाने आपल्या अ‍ॅटलासात घेतले. जॉन्सनबरोबर आधी ब्राउनिंग, १८६२पासून वॉर्ड, १८६६च्या सुमारास जॉन्सन एकटाच. नुसत्या नावावरून चार-पाच वर्षांच्या टप्प्यात येता येतं. लंडनला नकाशाकार आरोन अ‍ॅरोस्मिथ १८२३मध्ये वारल्यावर मुलांनी आणि मग पुतण्या जॉनने काम पुढं नेलं. त्याच्यानंतर पत्रे एडवर्ड स्टॅनफर्डकडे गेले.

आता दुरुस्तीकडे या. तांब्याच्या पत्र्यावरचं जुनं नाव काढायचं तर ती जागा घासून, मागून ठोकून वर आणत, पुन्हा गुळगुळीत करून त्यावर नवं नाव उलटं कोरत. दहापट भिंगाखाली ही जागा ओळखू येते. शेजारची अक्षरं झिजून पुसट झालेली, हे एकच नाव ठसठशीत, आणि त्याच्याखाली कधी जुन्या अक्षराचा राखाडी शेपटा. शिळाछापाच्या नकाशात ही खूण शोधत बसू नये. तिथं पत्र्याच्या कडेचा कागदात दबलेला चौकोनही नसतो.

दुरुस्त्या सगळीकडे सारख्या होत नसत, हे पक्कं लक्षात ठेवावं. गिऱ्हाईक बघणार तो भाग आधी सुधारायचा, बाकीचा पडून राहायचा. पश्चिम आफ्रिकेतले 'काँगचे पर्वत' १७९८मध्ये इंग्रज भूगोलतज्ज्ञ रेनेलच्या नकाशावर आले. ते पर्वत मुळात नाहीतच, तरी फ्रेंच प्रवासी बिंगेरच्या १८८७ ते ८९च्या प्रवासापर्यंत एकाच्या नकाशावरून दुसऱ्याच्या नकाशावर उतरत राहिले. म्हणून जुनी खूण दिसली म्हणून नकाशा जुना ठरत नाही. सगळ्यात नवी खूण धरावी: टास्मानिया हे एकटं नाव बहुधा १८५६नंतरचं (तेव्हा ते अधिकृत झालं, पण काही नकाशांवर आधीही येई), अलास्का अमेरिकेच्या हद्दीत दिसला तर १८६७नंतरचं, जर्मन साम्राज्य १८७१नंतरचं. सुएझ कालव्यावर मात्र विसंबू नये. तो १८६९मध्ये खुला झाला, पण नियोजित म्हणून आधीपासून रेखाटला जाई.

रंगाची साक्ष सगळ्यात कच्ची. हातानं रंगवणारे समोरच्या जुन्या नमुन्यावरून रंग भरत, आणि साध्या नकाशांना पुढच्या काळात विक्रीसाठी रंग लावल्याचीही उदाहरणं भरपूर. हिरवा तेवढा मागून जरूर पाहावा. तांब्यापासून केलेला हिरवा रंग कागदाला खातो. पाठीमागे त्याच रेषेवर तपकिरी डाग उमटतो, पुढं कागद तिथंच चिरतो. असा नकाशा गुंडाळू नये आणि एका कोपऱ्याला धरून उचलू नये. खाली ताठ पुठ्ठा सरकवून पुठ्ठ्यासकट उचलावा.